विश्वकोशाला कुठे बसवायचं

नाही हो, शिक्षा कसली? शिक्षा म्हणून नाही बसवलं तुमच्या लेकीला त्या टेबलावर. बसा ना आधी — त्या खुर्चीवर नको, ती मुलांची, गुडघे कानाला लागतील. हं. तर त्या टेबलावरच्या दोघींना इंग्रजी येत नाही आणि तुमची लेक इंग्रजीत जांभईसुद्धा देते, मान्य. आम्ही तिला स्टाफरूममध्ये विश्वकोश म्हणतो — कौतुकानं हो! — बहुतेक वेळा कौतुकानं. पण हुशार मुलं आणि भाषेला नवखी मुलं एकत्र बसवा, दोघांचाही फायदा होतो, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलंय. तेच कारण. दुसरं काय असणार?

बरं, आहे दुसरं. गेल्या महिन्यात मुख्याध्यापिका मागे बसून माझा तास बघत होत्या आणि हिनं हात वर केला — 'टीचर, नेसेसरीत सी एकच असतो.' बावीस वर्षं शिकवतेय मी! हसताय? घरी तुमच्याही चिठ्ठ्या तपासते? लाल पेनानं? मग तुम्हाला कळेल. दुसऱ्याच दिवशी मी तिचं टेबल बदललं. म्हटलं, बघू आता कुणाच्या चुका काढतेस. — हे बोलायचं नव्हतं खरं तर.

आता परवाचं ऐका, ती रडत घरी आली त्या दिवसाचं. कागदाचा पूल करायचा, वर जाडजूड शब्दकोश ठेवायचा, पडता कामा नये. हिनं लगेच ताबा घेतला — तू काप, तू चिकटव, असं नाही, तसं! दोघींना शब्द कळेना, नुसत्या माना डोलावतायत. पूल पडला. पुन्हा केला, पुन्हा पडला. मग त्या दोघींतली एक, गवंड्याची मुलगी — पाच आठवडे तोंडातून शब्द नाही हो, मी गाणी म्हटली, चित्रं काढली, नाचायचंच काय ते बाकी राहिलं होतं — तिनं हिच्या हातातला कागद काढून घेतला, घट्ट सुरळी केली, अशा आठ सुरळ्या खांबांसारख्या उभ्या केल्या आणि चक्क म्हणाली, 'यू टॉक टू मच.' अख्खं वाक्य! व्याकरणशुद्ध! मी टाळ्याच वाजवल्या. पूल उभा राहिला आणि तुमची लेक रडायला लागली. आणि मला — आता खोटं कशाला बोलू — मला बरं वाटलं. मिनिटभरच. पण दहा वर्षांची पोर ती, आणि मला बरं वाटलं!

काल मी तिची माफी मागितली, सगळ्या वर्गासमोर. तर म्हणते कशी, 'टीचर, नंतर, आम्ही कामात आहोत.' मानसुद्धा वर केली नाही! 'सुरळीला तुमच्या भाषेत काय म्हणतात?' असं त्या गवंड्याच्या मुलीला विचारत होती, आणि तो शब्द काही हिच्या जिभेवर बसेना. तीनदा चुकली. मी श्वास रोखून बघतेय, आता रडते की काय — तर खो खो हसायला लागली. स्वतःलाच! तिला चुकताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि चुकून हसतानाही.

द्या तो वर्ग बदलायचा अर्ज, सही करते. मी अडवणार नाही, आई आहात तुम्ही. फक्त — तिला विचारलंत ना?

नाही विचारलं?

अहो, मग परत घ्या तो कागद. जा, ग्रंथालयात आहेत तिघी, विचारा तिलाच. पण आधी उठा बघू, घंटा झाली — चाळीस पोरं येतील आता आत. निघा!