उर्वी केव्हा मेली?

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या प्लांटचे प्रमुख श्री. सुरेंद्र काळभोर साहेब, व्यासपीठावरील युनियनचे पदाधिकारी, आज क्वालिटी विभागातून निवृत्त होत असलेल्या आणि आजच्या समारंभाच्या सत्कारमूर्ती श्रीमती चारुलता सबनीस, पहिल्या शिफ्टहून घरी न जाता थेट या सभागृहात आलेले माझे सहकारी, कॅन्टीनच्या कस्तुराबाई, आणि खुर्ची रिकामी असूनही मागे दाराशी उभे असलेले आमच्या बसचे चालक दत्तोबा येळवंडे, आपणा सर्वांना जय भीम आणि नमस्कार.

मी बुद्धरत्न. पेंट शॉप. मराठी घेऊन बी.ए. केलं आणि रंगकामाला लागलो. आजच्या भाषणासाठी माझं नाव बहुधा त्या बी.ए.मुळे सुचलं असावं. ताईंच्या कामाबद्दल क्वालिटीचे लोक बोलले आहेत. मी बसबद्दल बोलणार आहे. नीट सांगता येईल अशी खात्री नाही, कारण जे घडलं ते मलाच अजून नीट कळलेलं नाही.

आमची बस संत तुकाराम नगरहून सुटते आणि निघोज्याला कंपनीच्या दारात थांबते. ताई मोशीला चढायच्या. दत्तोबांच्या शेजारी, इंजिनाच्या झाकणाला लागून एक उलटी सीट आहे. तिथे बसलं की तोंड प्रवाशांकडे येतं. ताई तिथे बसायच्या, पिशवीतून पुस्तक काढायच्या आणि मोठ्याने वाचायला लागायच्या. पुस्तक म्हणजे ‘दूरतळ’. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पृथ्वीपासून फार लांब माणसांचा एक तळ आहे. तिथली हवा, पाणी, उजेड सगळं यंत्रांवर चालतं, आणि यंत्रं सारखी बिघडतात. अशी ती कादंबरीमाला. दर दिवाळीला एक भाग येतो. आपल्या लोकांना ती आवडणार नाही तर कुणाला आवडेल?

पुस्तक एकच. वर्गणी काढून घेतलेलं, बसच्या मालकीचं. ते ताईंच्या पिशवीत असायचं, दुसरं कुणी घरी नेत नसे. बसच्या बाहेर पुढचं वाचायचं नाही, असा आमचा नियम होता. ट्रॅफिक जेवढा जास्त, तेवढी पानं जास्त. चाकणच्या रस्त्यावरच्या कोंडीला शिव्या न देणारी ती एकमेव बस असेल.

या मालिकेत उर्वी नावाची दुरुस्ती अभियंता आहे. जिभेने तिखट. तिची दोन वाक्यं आमच्या बसमधून शॉप फ्लोअरवर गेली. ‘आधी हात पुसा, मग बोला’ आणि ‘गळतंय कुठे ते बघ, कुणामुळे, ते नंतर.’ दुसरं वाक्य साहेबांना इतकं आवडलं की त्यांनी ते पेंट शॉपच्या भिंतीवर रंगवून घेतलं. खाली लिहिलं, ‘दूरतळ’मधून. ते रंगवलं मीच.

आता वादाकडे येतो. इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी आठवडाभर उरलेल्या निम्म्यांशी बोलणं सोडलं होतं, तेव्हा त्याबद्दल न बोलणं हा खोटेपणा होईल.

या दिवाळीला एकविसावा भाग आला. जानेवारीत ताईंनी तो वाचायला घेतला. त्याच सुमारास डिझाइनमधले शार्दूल आमच्या बसला आले. शार्दूल पहिल्या रांगेत आहेत. भावा, आज हात वर करू नकोस. आधी मला बोलू दे. शार्दूलनी ही मालिका शाळेपासून वाचलेली, सगळे भाग स्वतःचे, घरी कपाटात. एके सकाळी ताई वाचत होत्या. तळाचा बाहेरचा दरवाजा उघडतो. दारात उर्वी उभी असते. आणि पुढचं वाक्य असं: ‘कप्तानाने तिच्याकडे पाहिले. मेलेल्या माणसाकडे कसे पाहायचे, हे त्याला ठाऊक नव्हते.’

शार्दूल मागून म्हणाले, “हेच! हाच तर घोळ आहे. मेलेल्या बाईला परत आणलंय. म्हणे काळाची वाट बदलली, या वाटेवर ती मेलीच नव्हती!”

दत्तोबा स्टेअरिंगवरून म्हणाले, “वाट तर म्या रोज बदलतो. पर मेली कोन?”

“उर्वी.”

“न्हाई बा. परवाच्याला तर पंप जोडत व्हती.”

“काका, ती सातव्या भागात मेली. दरवाजा दुरुस्त करायला बाहेर गेली आणि आलीच नाही. तेरा भाग सगळा तळ तिचं सुतक पाळतोय.”

“सुतक? आवो, परत्येक भागात शिव्या देती ती समद्यांना!”

कस्तुराबाई म्हणाल्या, “पोरा, तू दुसरंच कायतरी पुस्तक वाचलंस.”

बसभर हसू पिकलं. शार्दूल एकटे पडले. मग ते म्हणाले, उद्या आणतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी सातवा भाग आणला आणि पान उघडून वाचलं: ‘त्यांनी दिवा रात्रभर चालू ठेवला. उर्वी परत आली नाही.’

हे पान आम्ही ऐकलं होतं. वेगळं ऐकलं होतं. आम्ही ऐकलं होतं की उर्वी परत आली, तिने शिरस्त्राण काढलं आणि विचारलं, ‘चहा कुणी टाकलाय की तेही मीच करू?’

सगळ्यांनी उलट्या सीटकडे पाहिलं. ताईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, “दत्तोबा, पुढे बघा.” कुरुळीचा फाटा आला होता. त्या दिवशी पुढचं वाचन झालं नाही.

त्यानंतरचा गोंधळ आपल्याला माहीत आहे. पुस्तकवाले, म्हणजे कंपनीतले ज्यांनी छापलेलं वाचलंय ते, म्हणतात, लेखकाने मेलेलं माणूस उठवलं, म्हणजे आम्ही तेरा भाग कुणासाठी रडलो? बसवाले म्हणतात, ती मेलीच नव्हती. पण एकविसाव्या भागात आलेली ही बाई आमची उर्वी नव्हे. ही कुणाला ओळखत नाही, हात पुसायला सांगत नाही, चहा मागत नाही. म्हणजे दोघांचाही राग एकाच भागावर. कारणं मात्र अशी, की एकाला दुसऱ्याचं कारण कळूच शकत नाही. शार्दूलनी सगळे भाग चाळून जाहीर केलं की भिंतीवरचं वाक्य मुळात ‘दूरतळ’मध्ये कुठेच नाही. युनियनने साहेबांना निवाडा मागितला. साहेब म्हणाले, या विषयावर कंपनीचं धोरण नाही. आणि मग हळूच मला विचारलं, “बुद्धरत्न, मग त्या भिंतीवर खाली नाव कुणाचं लिहायचं?” साहेब, तुम्ही हसताय, पण तो प्रश्न अजून शिल्लक आहे.

माझं काय, ते आता सांगतो. माफ करा, हे समारंभाला शोभेल की नाही, माहीत नाही.

उर्वी दरवाजा दुरुस्त करायला बाहेर गेली, त्या आठवड्यात मी कामावर परत आलो होतो. माझी पत्नी मिनल नुकतीच गेली होती. त्या सकाळी मी खिडकीशी बसलो होतो. उर्वी परत आली, चहा मागितला, बस हसली. मला राग आला. पुस्तकातली माणसं परत येतात, असं मनात म्हटलं. दुसऱ्या दिवशी उठलो तेव्हा कामावर जाण्याचं एकही कारण सुचत नव्हतं. पण आज उर्वी काय बोलेल, असा प्रश्न डोक्यात आला आणि मी बूट घातले. असं पुष्कळ दिवस झालं. मी कंपनीत जात नव्हतो. मी बसमध्ये जात होतो.

म्हणून शार्दूलनी ते पान वाचलं तेव्हा मला दोन गोष्टी एकदम वाटल्या. एक, माझी फसवणूक झाली. दोन, ते माझ्यासाठी केलं गेलं. उलट्या सीटवरून सगळ्यांचे चेहरे दिसतात. ताईंनी माझा चेहरा पाहिला असणार आणि ते वाक्य जिभेवरून मागे घेतलं असणार. मी कुणालाच काही बोललो नाही. मग एक दिवस कॅन्टीनमध्ये कस्तुराबाई ताट वाढता वाढता म्हणाल्या, “ते ताईंनी माझ्यासाठी केलं व्हतं. तवा माझ्या घरात काय चाललं व्हतं, ते एक त्यांनाच ठाव.” मी ताट घेऊन निघालो. एका वाक्यावर दोघांनी हक्क सांगायचा, तर भांडायचं कसं?

शेवटी गेल्या आठवड्यात मी मोशीला उतरलो आणि ताईंना विचारलं, “ताई, ते माझ्यासाठी केलंत का?”

ताई म्हणाल्या, “कुठलं?”

“उर्वीचं. मिनल गेल्यावर माझा तो पहिला दिवस होता.”

त्या चालता चालता थांबल्या. मग म्हणाल्या, “बुद्धरत्न, तुम्ही त्या दिवशी बसमध्ये होता?”

“खिडकीशी,” मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, “मी पुस्तकात बघत होते हो. चेहरे कुठे बघणार? रोज कोंडी असते, त्या दिवशी रस्ता मोकळा. आदल्या दिवशी पान चाळताना ते वाक्य दिसलं होतं, आणि मी हिशेब केला होता की ते पान उद्यावर जाईल. गेलं नाही. ते वाक्य आलं आणि समोर कंपनीचं गेट. आता हे वाचून पुस्तक मिटायचं आणि तुम्हा सगळ्यांना प्रेसवर, वेल्डिंगवर पाठवायचं? कुणाचा हात सापडला असता. मी म्हटलं, आज येऊ दे हिला परत. उद्या खरं वाचू.”

“मग उद्या?”

“उद्या मी चढायच्या आधीच दत्तोबा ओरडले, ‘ताई, उर्वीला चहा मिळाला का?’ आता सांगा, काय वाचू?”

म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतं. कस्तुराबाई, तुमच्यासाठीही नव्हतं. ते प्रेस मशीनसाठी होतं. क्वालिटीच्या माणसाने अपघात टाळला, इतकंच. आणि त्यानंतर दर दिवाळीला येणाऱ्या भागात ताई, जिथे उर्वीसाठी लोक रडत होते तिथे, उर्वीलाच बोलायला लावत राहिल्या. बसवाल्यांची उर्वी ही अशी, मोशी आणि कुरुळीच्या मध्ये तयार झालेली. तिच्याबद्दल आभार मानायचे तर कुणाचे मानायचे? जी दया माझ्यावर केलेलीच नव्हती, तिच्यावर मी इतकी वर्षं उभा राहिलो, हे खरं आहे की नाही?

मी ताईंना आणखी एक विचारलं. “इतकी वर्षं सांभाळलंत. मग एकविसाव्या भागात तसंच्या तसं का वाचलंत? तिथेही बदलता आलं असतं.”

ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “ती दारात उभी आहे असं वाचलं आणि मला इतका आनंद झाला, की तुम्हाला ती मेलेली माहीतच नाही, हे मी विसरले.”

मंडळी, इथे मी अडकलो आहे. शार्दूल म्हणतात, वाचकांवर अन्याय झाला. बसवाले म्हणतात, उर्वी आमची. पण त्या बसमध्ये उर्वी मेली होती ती फक्त एका माणसासाठी. तिच्याबद्दल कुणाशी बोलायची सोय नव्हती. आम्ही हसत होतो, आणि आम्हाला हसवणारी, समोर तोंड करून बसलेली बाई एकटी ते दुःख करत होती. तेही आम्हाला न दिसेल असं, मोठ्या आवाजात. मिनलच्या वेळी माझ्याकडे निदान लोक आले होते.

उद्यापासून उलट्या सीटवर मी बसायचं, असं बसने ठरवलं आहे. नव्या लोकांच्या आग्रहावरून पुन्हा पहिल्या भागापासून सुरुवात होईल. ताईंनी पुस्तकांची पिशवी काल माझ्या हाती दिली. मी घरी जाऊन सातव्या भागातलं ते पान पाहिलं. वाटलं, कडेला पेन्सिलीने काही लिहिलेलं असेल, एखादी खूण असेल. पान कोरं होतं. छापलेलं तेवढंच.

शार्दूलचं म्हणणं, छापलंय ते वाचा. दत्तोबांचं म्हणणं, “तिला बाहेर पाठवूच नगा, दार मी दुरुस्त करून देतो.” मी दोघांनाही शब्द दिलेला नाही. त्या पानाला पोचायला वर्ष तरी जाईल. ते येईल त्या दिवशी रस्ता मोकळा असेल की कोंडी असेल, हे इथे कुणाला सांगता येईल?

एवढंच ठरवलं आहे, आणि दत्तोबांनी कबूल केलं आहे. त्या सकाळी बस मोशीला थांबेल. ताई, तुम्ही चढायचं. उलट्या सीटवर नाही. खिडकीशी, जिथे मी बसलो होतो तिथे. मी काय वाचेन, मला माहीत नाही. ती परत येईल किंवा येणार नाही. पण ती आली नाही, तर या वेळी ते बसभर ऐकू जाईल, आणि तुमच्या शेजारी कुणीतरी बसलेलं असेल.

साहेब, भिंतीवरच्या नावाचं म्हणाल तर रंगाचा डबा माझ्याकडे आहे. ताईंनी हो म्हटलं तर सोमवारी लिहितो.

अध्यक्षांनी दिलेल्या वेळेपेक्षा मी जास्त बोललो, ते चालवून घेतल्याबद्दल त्यांचे आभार. सभागृह मिळवून देणारे, हार आणणारे, चहा करणारे, आणि एकमेकांशी न बोलताही इथे शेजारी शेजारी बसलेले आपण सगळे, आपलेही आभार. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, कुणाला लागेल असं काही आलं असेल, तर ते वाक्य मी वाचलंच नाही असं समजून ऐका. आपल्या बसला ते जमतं.