बांधावर फेकलेली रोपं

मथुरा : टोपलीवर केळीचं पान कशाला झाकलंत? मासळी आणलीत काय?

गंगाराम : रोपं हायत गो. वांग्याची. ऊन लागू नये म्हणून झाकली.

मथुरा : आपली रोपं तर परवाच लावून झाली मळ्यात. मग ही कुठची?

गंगाराम : उरलेली. कोणाची तरी.

मथुरा : कोणाची तरी? मुळाशी माती बघा कशी गोल बसलीय. करवंटीतून काढलेलं रोप असंच दिसतं. अख्ख्या आळीत करवंटीत रोपं करतो कोण? मी नायतर कमळा. माझी संपली. ही कमळेच्या वाफ्यातली हायत. सकाळीच लावून आली होती ती. तुमी उपटलीत?

गंगाराम : मी एकट्यानं नाय. आप्पानं सगळ्यांना बोलावलंन. तो मानकरी, त्याला नाय कोण म्हणणार? म्हणाला, मळा गावकीचा, त्यात विधवेच्या हातचं रोप नको. सगळा मळा वांझ जाईल. तिचा वाफाही काढून घेतलान. मग सगळ्यांनी मिळून उपटली आणि बांधावर फेकली.

मथुरा : आणि कमळा?

गंगाराम : उभी होती मळ्याकडच्या पऱ्ह्याच्या वाहत्या पाण्यात. मग गेली घरी.

मथुरा : आणि फेकलेली रोपं आपल्या घरात चालत आली?

गंगाराम : अगो, ती वळल्यावर जो तो मुठीमुठीनं उचलायला लागला. भागोजीनं धोतराच्या सोग्यात घातलीन, विठूनं पागोट्यात. इतकी टवटवीत रोपं यंदा कोणाचीच नायत. उगाच सुकून गेली असती.

मथुरा : शी! शी! तिच्या वाफ्यात असली तर मळा वांझ, आणि तुमी चोरून लावली की वांगी लागणार?

गंगाराम : हळू बोल. शेजारी ऐकतील.

मथुरा : ऐकू देत. ओकारी येतेय मला तुमची. हात तरी धुतलेत काय? मार्गशीर्षात मी हिवतापानं पडले होते तेव्हा आपली रोपं कोणी केली, सांगा बघू.

गंगाराम : आप्पाला मी सांगितलंय, मथुरेनं केली म्हणून.

मथुरा : मी गोधडीखाली कुडकुडत होते! कमळेनं बी ओल्या फडक्यात बांधून चुलीशेजारी उबेला ठेवलं. मोड आल्यावर करवंट्यांत पेरलं. मुंग्या लागू नयेत म्हणून भोवती राख टाकली. रोज दोन वेळा येऊन चुळकाचुळकानं पाणी घालत होती. तुमी ओसरीवर बसून बघत होतात. त्यातलीच रोपं आप्पानं देवीच्या वाफ्यात लावली, शिमग्याच्या नैवेद्याला. सवाशिणीच्या हातची म्हणून! तेव्हाही तुमी गप्प, आजही गप्प.

गंगाराम : बोललो असतो तर आपलाही वाफा गेला असता. मुंबईला संपानंतर गिरणीत परत घेतलं नाय मला. वाफा गेल्यावर खायचं काय?

मथुरा : आणि तिनं काय खायचं? नवरा गलबतावर गेला तो परत आला नाय. भावजय जेवायला वाढते ती तोंड वाकडं करून. चार वांगी रत्नागिरीच्या बाजारात विकता येतील, भावजयीकडे मीठमिरची मागायला नको, म्हणून तर वाफा मागून घेतला तिनं. तो तुमी सगळ्यांनी मिळून हिसकावलात. नि वर उष्टंही गोळा करून आणलंत.

(मागच्या दाराची कडी वाजते. आप्पा डोकावतो.)

आप्पा : गंगाराम आहे काय रे? असू द्या, मथुराबाई, असू द्या. मागच्या दारानंच आलो जरा. म्हटलं, ती सकाळची रोपं... गंगारामानं बरीच उचललीन म्हणतात. चार-पाच मिळतील काय? आमची मेली मुंग्यांनी खाल्लीन.

मथुरा : अपशकुनी हायत ना ती, आप्पा?

आप्पा : गावकीच्या मळ्यात, हो! गावकीचं शास्त्र निराळं. मी लावणार घरच्या परसात. तिथं कोण बघायला येतोय?

मथुरा : मग देवीच्या वाफ्यातलीही उपटा. तीही कमळेच्याच हातची हायत. अंगण माझं, करवंट्या माझ्या, बी पेरलं तिनं.

आप्पा : देवीच्या वाफ्यातली? अहो, काय सुरेख धरलीत ती! छे, छे. मथुराबाई, तुम्ही हे बोलला नाहीत आणि मी ऐकलं नाही. कशाला उगाच घाण ढवळायची?

मथुरा : घाण तुमी करून ठेवलीत, मी नुसतं नाक धरलंय. ऐका. उद्या कमळा तिच्या वाफ्यात परत रोपं लावील. कोणी अडवलंत, तर मी बांधावर उभी राहून सगळ्यांना सांगेन देवीचा वाफा कोणाच्या हातचा. मग शिमग्याला नैवेद्यात काय वाढायचं ते तुमचं तुमी बघा.

आप्पा : गंगाराम, बायकोला आवर.

गंगाराम : आप्पा... ती खोटं बोलत नाय.

आप्पा : असं होय. बरं, लावू दे तिला. मी त्या बाजूला फिरकणार नाही म्हणजे झालं. आणि ती रोपं... दोन तरी?

मथुरा : निघा!

गंगाराम : गेला. बरं झालं गो तू बोललीस.

मथुरा : मला शाबासकी नको तुमची. तुमच्या तोंडातून चार शब्द निघाले, तेही गळ्याशी आल्यावर. उचला ती टोपली.

गंगाराम : कुठं नेऊ?

मथुरा : कमळेकडे.

गंगाराम : जरा काळोख पडू दे. आत्ता सगळी आळी दारात बसलीय.

मथुरा : बसू दे.

गंगाराम : आणि... काय सांगू तिला?

मथुरा : काय सांगू नका. सांगायचं ते सकाळी होतं.