थेंबबाईंची बदली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमचे मुख्य अभियंता साहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या, दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवून आलेल्या डॉक्टरबाई. पंपघरापासून हिशेब विभागापर्यंत सगळीकडून जमलेले सहकारी. आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती आमची थेंबबाई. सर्वांना माझा नमस्कार.

साहेबांनी मघाशी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, थोडक्यात आटपा. साहेब, पाणी खात्यातल्या माणसांना नळ सोडता येतो. तो वेळेवर बंद करता आला असता, तर शहराच्या निम्म्या तक्रारी मिटल्या असत्या. तरी प्रयत्न करते.

एरवी आपण निरोप देतो तो निवृत्त होणाऱ्याला, नाहीतर बढतीवर जाणाऱ्याला. ही दोन्हींतली नाही. चांगली मोठी प्रयोगशाळा सोडून ही एका लहान गावच्या जलकेंद्रावर चालली आहे. हुद्दा खालचा, काम एकटीचं, आणि अर्ज तिनं स्वतः केलेला. का? तुमच्यातल्या निम्म्या लोकांना कारण ठाऊक आहे, आणि ते चुकीचं ठाऊक आहे. 'पोर टाकून दिलेली बाई ती हीच' असं जिन्यात कुजबुजताना मी माझ्या कानांनी ऐकलंय. म्हणून मी तिला विचारलं, समारंभात बोलू का? तिनं हातातलं काचेचं भांडं पुसून जागेवर ठेवलं. मग म्हणाली, बोलणार असाल तर मधलं काही गाळू नका.

तेव्हा गाळत नाही. आणि पहिल्या दिवसापासून ती माझ्या हाताखाली, तिला 'अहो' म्हणायचं मला या वयात जमायचं नाही, तेवढी सवलत द्या.

नव्यांसाठी सांगते. थेंबबाई हे नाव तिला आमच्या प्रयोगशाळेनं दिलं. पाणी तपासताना काचेच्या उभ्या नळीतून औषध थेंबाथेंबानं सोडावं लागतं. रंग बदलला की थांबायचं. आमचा हात एखाद्या थेंबानं पुढे जातोच. हिचा कधी गेला नाही. कामाला लागली तेव्हा मोठ्यानं हसायची, दुसऱ्यांचे डबे हक्कानं उघडायची. आज हे सांगावं लागतं, कारण इथल्या पुष्कळांनी तिला हसताना पाहिलेलंच नाही.

मग लग्न झालं, मुलगी झाली. आणि अंगावर दूध येईना.

म्हणजे अगदीच येईना असं नाही. यायचं, पण पोरीला पुरायचं नाही. प्रसूतिगृहाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, आईचं दूध हेच अमृत. त्या वाक्यात चूक काय आहे? काहीच नाही. पण समोरच्या खाटेवरून दिवसभर तेच वाचत पडलेल्या बाईच्या मांडीवर पोर रडत असेल, तर तिनं ते कसं वाचायचं? सासूबाई मायेच्या होत्या. त्यांनी चार पोरं अंगावर पाजलेली. हे खा, ते पी, मन शांत ठेव, की पान्हा फुटतोच, असं त्या सांगायच्या. मन शांत ठेव! जणू मन म्हणजे एखादी वाटी, फळीवर ठेवली की राहील.

तिनं तिला येत होतं ते केलं. तान्ह्यांचा वजनकाटा आणला. पाजण्याआधी पोरीचं वजन, पाजल्यावर पोरीचं वजन, आणि मधला फरक म्हणजे आपण आई म्हणून किती आहोत ते. काटा हलायचा नाही. नवरा म्हणाला, वरचं दूध देऊ या. ती म्हणाली, अजून थोडं बघू. हे 'थोडं बघू' इतकं लांबलं की पोरीच्या मांड्यांची कातडी लोंबायला लागली आणि आईची झोप पार उडाली.

रजा संपून ती कामावर आली. आमच्याकडे तराजूची एक बंद खोली आहे, वाऱ्यानं काटा हलू नये म्हणून तिला खिडकी नाही. तिथे बसून ती छातीला लावायच्या लहान पंपानं पोरीसाठी दूध काढायची. एकदा दार लोटलेलंच होतं. आत गेले तर ही बाटली उजेडाला धरून बसलेली. बाटलीचा तळ जेमतेम झाकला होता. मी म्हटलं, अगं, पुरे कर आता. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, तिची नजर माझ्यावर असते ना, तेव्हा वाटतं ती दुसऱ्या कुणाची तरी वाट बघतेय."

त्याच आठवड्यात मी तिला या डॉक्टरबाईंकडे नेलं. मनाचे डॉक्टर म्हटल्यावर नवरा बिचकला, पण आला. बाईंनी तासभर ऐकून घेतलं. बाळंतपणानंतर असं होतं, हा आजार आहे, आईपणातली खोट नाही, असं सांगितलं. गोळ्या दिल्या. या गोळ्या घेऊन बाळाला पाजलं तरी चालेल, असं दोनदा बजावलं. आणि वरचं दूध आजच सुरू करा म्हणाल्या.

काही आठवडे फार चांगले गेले. पोरीनं बाळसं धरलं. थेंबबाई झोपू लागली. एकदा तर तिनं माझा डबा उघडून नाक मुरडलं. वाटलं, सुटलो.

पण आपल्याकडे बाळाला बघायला येणारी माणसं काही रिकाम्या तोंडानं येत नाहीत. नात्यातल्या एका बाईनं गोळ्यांची पाकिटं पाहिली आणि म्हणून गेली, ही औषधं दुधात उतरतात, पोर मंद होईल. बोलणारी चहा पिऊन निघून गेली, तिला आज ते आठवतही नसेल. हिनं गोळ्या बंद केल्या. कुणाला सांगितलं नाही. गोळ्या नाहीत म्हणजे दूध शुद्ध, म्हणून वरचं दूध कमी करून पुन्हा अंगावरचं सुरू. पुन्हा तो काटा. आम्हाला कळलं नाही, कारण कामावर ती पूर्वीसारखीच नेमकी होती.

मग एका सकाळी ती मुलीला टोपलीत घालून मुलांच्या इस्पितळात गेली. दाराजवळच्या बाकड्यावर टोपली ठेवली. शेजारी पिशवी. त्यात धुतलेले कपडे, उकळलेल्या बाटल्या, दुधाचा डबा, मुलीची आवडती दुपटी, सगळं घडी घालून. जवळ बसलेल्या बाईला म्हणाली, जरा बघता का. बाहेर पडली आणि समोरच्या औषधाच्या दुकानाजवळ उभी राहिली. आतली एक नर्स आली, तिनं मुलीला उचललं, खांद्यावर टाकलं, थोपटलं. ते पाहून ही कामावर आली. एप्रन चढवला आणि नमुने मागितले.

तिच्या चेहऱ्यावरून मला शंका आली. मी विचारलं, बाळ कुठाय?

ती म्हणाली, "जिथे तिला नीट पाजतील तिथे ठेवून आले."

मंडळी, ज्याला तुम्ही 'टाकून दिलं' म्हणता ते हे. आम्ही रिक्षा करून धावलो. मुलगी दूध पिऊन गाढ झोपली होती. पोलीस आले होते, नवरा भिंतीला टेकून उभा होता. त्यानं हिच्याकडे पाहिलं, आणि त्याच क्षणी मला कळलं की हे घर मोडलं. तो वाईट माणूस नव्हता. भ्यायलेला होता. उद्या हिनं टोपली दुसरीकडे कुठे ठेवली तर, ही भीती त्याला होती, आणि खरं सांगते, आम्हालाही होती.

पुढचं लवकर सांगते. ती काही महिने मनाच्या आजारासाठी इस्पितळात होती. बरी झाली. डॉक्टरबाई कोर्टात उभ्या राहिल्या, आजार समजावून सांगितला. कोर्टानं ऐकलं आणि मुलगी वडिलांकडे दिली. हिला ठरलेल्या दिवशी, कोर्टाच्याच एका खोलीत, कारकुनासमोर भेटण्याची परवानगी. वडिलांनी पुढे दुसरं लग्न केलं. ती बाईही चांगली आहे, मुलीच्या वेण्या नीट घालते. मुलगी तिला आई म्हणते. म्हणणारच. आता रागवायचं तरी कुणावर? सासूबाईंवर? भिंतीवरच्या अक्षरांवर? मी इतकी वर्षं शोधतेय, मला माणूस सापडलेला नाही.

ती मात्र भेट चुकवत नाही. मुलगी आता शाळेत जाते. मध्यंतरीच्या एका भेटीत तिनं गृहपाठ दाखवला, निघताना दप्तर लावलं आणि नम्रपणे विचारलं, "काकू, आम्ही आता दुसऱ्या गावाला जाणार. तुम्ही तिथे येणार का?"

काकू. पोटच्या पोरीनं. शिकवलेलं नव्हतं, तिला दुसरा शब्द सुचला नसेल.

वडिलांची बदली झालीय. म्हणून थेंबबाईनं त्याच गावची बदली मागितली. मी तिला खूप समजावलं. म्हटलं, इथे तुझी माणसं आहेत, तिथे कोण आहे? मी म्हटलं, मुलगी मोठी होईल, तिला कळेल, तुझ्याकडे येईल. त्यावर ती म्हणाली, असं समारंभात म्हणू नका, मला ते सहन होत नाही. म्हणून म्हणत नाही. डॉक्टरबाईंनाही आज असं काही बोलू नका अशी विनंती आहे.

तिथलं काम काय, ते सांगते. त्या केंद्रातून मुलीच्या नव्या शाळेच्या टाकीला पाणी जातं. सुटण्याआधी ते रोज ही तपासणार. मला ते ऐकून बरं वाटलं. मी म्हटलं, म्हणजे तुझ्या हातचं पाणी तिच्या पोटात जाईल.

"नाही, मॅडम," ती म्हणाली. "ती शाळेत घरून बाटली नेते. मी विचारलंय तिला."

अध्यक्ष महोदय, आपण बोलू दिलंत, डॉक्टरबाई, आपण आलात, आणि तुम्ही सगळ्यांनी खुर्च्या न वाजवता ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाला टोचलं असेल, तर पोटात घाला. हिची गाडी संध्याकाळची आहे, सामान फार नाही. ज्यांना जमेल त्यांनी पोचवायला या.