खोक्यातल्या वीस गोधड्या

…आणि बसायचं कशावर, तर गोधड्यांवरच. नाही, तुम्हीच सांगा मला. या खोक्यात, माझ्या बुडाखाली, वीस गोधड्या हायेत, चार-चार पदरी, आणि मी वर कुडकुडत बसलोय, अंगात काय, तर नातीच्या कंपनीत फुकट वाटलेलं जाकीट, त्याची चेन मोडलेली. सकाळचे आठ वाजलेत, डिसेंबर चाललाय, आणि हा हिंजवडीचा वारा… पूर्वी उसातनं यायचा, जरा अडत-थांबत यायचा, आता दोन बिल्डिंगींच्या मधनं सरळ अंगावर येतो. तुम्ही बसा की. तुमची कंपनीची बस चौकातच अडकली असणार, तिला रोजच अर्धा तास लागतो तिथं. खोकं न्यायला गाडी येईपर्यंत मला राखायला बसवलंय. राखतो. माझं काही म्हणणं नाही. मला फक्त माझी गोधडी पाहिजे होती.

तुम्हाला सांगतो, माझी गोधडी म्हणजे तशी काही बघण्यासारखी नव्हती. वरच्या पदराला आमच्या आईचं लाल लुगडं, मुक्ताईचं. आई गेली तेव्हा तिच्या सुनेनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, मथुराबाईंनी, स्वतः हातानं शिवली. चाळीस वर्षं झाली. शेत होतं तेव्हा बांधावर बसायचो ती घेऊन, शेतावर बिल्डिंग झाली तेव्हा तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत बसायला लागलो, पण गोधडी तीच. ऊन गॅलरीत यायला साडेनऊ वाजतात, तोवर ती खांद्यावर. बास. यापेक्षा जास्त मी देवाकडं काही मागितलेलं नाही.

तर आमची नात, ऋतिका, तिनं आजीनं शिवलेल्या या गोधडीचा फोटो काढून कंपनीतल्या कुण्या परदेशी बाईला पाठवला. बाईचं उत्तर आलं, फार सुंदर, मला वीस पाहिजेत, पण नाताळाच्या. आता आमच्या घरात नाताळ म्हणजे शाळेला सुट्टी, एवढंच ठाऊक. पोरीनं कॉम्प्युटरवर चित्रं दाखवली. पांढऱ्या दाढीचा, पोट सुटलेला म्हातारा, लाल टोपी, लाल डगला. मंडळींनी विचारलं, "हे कोण? त्यांचं कुलदैवत का?" ऋतिका म्हणाली, नाही गं आजी, तो येतो आणि पोरांच्या मोज्यात खाऊ ठेवतो. मंडळी चित्राकडं जरा वाकल्या आणि म्हणाल्या, "मोजे धुतलेले असतात ना?"

पण हिंमत बघा बाईची. वरच्या मजल्यावरच्या वेणूबाईंना हाताशी धरलं आणि गणपती उठल्या दिवशी दोघी बसल्या शिवायला. हरीण काढायचं होतं. ह्यांनी जन्मात हरीण पाहिलेलं नाही, मग काय, शिंगं रंगवली, गोंडे बांधले, पाठीवर झूल टाकली… हरीण कुठलं, पोळ्याला निघालेला बैल तो. वेणूबाईंनी बर्फ म्हणून पांढरे टाके इतके दाट घातले, इतके दाट घातले, की म्हातारा जोंधळ्यात राखणीला उभा राहिल्यासारखा दिसायचा. ऋतिकेनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, चालेल, एथनिक वाटतं. तोवर मी मजेत होतो बरं का. गोधडी खांद्यावर, हातात चहा, मी आपला दोघींना सुया ओवून देत होतो.

मग लाल कापड कमी पडलं.

बाजारातनं आणलं, भिजवून बघितलं, तर बादली लाल आणि म्हाताऱ्याची दाढी गुलाबी. वेणूबाई म्हणाल्या, जुनं, मुरलेलं कापड पाहिजे, रंग न जाणारं. आणि दोघींनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं नाही, खांद्याकडं.

मंडळी जवळ आल्या. चांगल्या मऊ आवाजात म्हणाल्या, "अवो, वीस टोप्यांपुरतं घेऊ का?"

आता तुम्ही म्हणाल, नाही म्हणायचं. सोपं हाय म्हणणं. पन्नास वर्षांच्या संसारात या बाईनं माझ्याकडं काही मागितलं असेल तर ते हेच, पहिलं. आणि तिला मी कधी एवढं खूश बघितलं नव्हतं, शेत गेल्यापासनं तर नाहीच, हाताला काम नाही म्हणून नुसती खिडकीत बसून तुमच्या बसा मोजायची. माझ्या तोंडातनं निघून गेलं, घे.

दुपारपर्यंत उसवली सगळी. चाळीस वर्षांचा दोरा, पण सुटायला दोन तास लागले नाहीत. वीस टोप्या झाल्या, वीस डगले झाले, आणि उरली एक पट्टी, पंचाएवढी. मंडळींनी ती घडी करून माझ्या हातात दिली, म्हणाल्या, ही तुमची, हिला कुणी हात लावणार नाही. एका खांद्याला पुरायची. डावा झाकला की उजवा उघडा. पण मी चालवून घेतलं.

पुढचं ऐका. आमच्याकडं गोधडी शिवून झाली की शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी त्यात पोळीचा घास ठेवतात. गोधडीचं पोट रिकामं राहू नये, म्हणजे पांघरणाऱ्याचंही राहत नाही. आता गिऱ्हाईक परदेशी हाय म्हणून मंडळी घास ठेवायच्या राहतील का? उलट पाव्हण्यांच्या घरी जायच्या म्हणून गुळाची पोळी केली, तूप लावून. वीस कोपरे, वीस घास. ऋतिकेला कुणी सांगितलं नाही, तिनं विचारलंही नाही. दिवाळी झाल्यावर खोकं गेलं आणि आठ दिवसांत विमानाच्या तिथनं परत आलं. सोबत एक कागद आणि मुंग्या. ऋतिकेनं कागद वाचला, गोधड्यांच्या कोपऱ्यात खाण्याचे पदार्थ सापडले. पोरीनं कागद आजीपुढं धरला. म्हणाली, आजी, घास काढून टाक, परत पाठवू. मंडळी म्हणाल्या, "उपाशी गोधडी माझ्या घरातनं बाहेर जायची नाही."

झालं, वीसच्या वीस घरात राहिल्या. वेणूबाई रडल्या, पोर रुसली, मंडळी परत खिडकीत. आणि मी… खोटं कशाला बोलू, मी मनातनं हरखलो. मुंग्या झटकल्या, गोधड्या गॅलरीत उन्हाला टाकल्या आणि रोज सकाळी एक पांघरायला लागलो. आज ही, उद्या ती. त्या म्हाताऱ्याची टोपी बरोबर गालाला लागेल अशी घ्यायची. टोपीएवढी का होईना, आई होती. वीस दिवसांत पूर्ण आई होते, मी हिशेब बसवला होता. बैलाचं हरीण, जोंधळ्याचा बर्फ, कशालाच माझी ना नव्हती. नवव्या गोधडीपर्यंत आलो होतो.

तेवढ्यात पोरीनं त्या बाईला सगळं लिहून कळवलं, घासाचं. आणि बाई म्हणे ऐकून रडली. म्हणाली, घास पाहिजेच, त्याशिवाय मी घेणारच नाही, फक्त खायचा नको, कापडाचा चालेल. मंडळींनी चार दिवस विचार केला. मग म्हणाल्या, कापडाचा तर कापडाचा, पण घासाला कोरं कापड नको, घरातल्या माणसाच्या अंगावरचं पाहिजे, नाहीतर तो घास कसला.

काल संध्याकाळी माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. हातात कात्री. चेहरा परत तसाच, खूश.

पट्टीचे बरोबर वीस तुकडे झाले, घड्या घालून घासाएवढे.

आमच्या आईनं, मुक्ताईनं, उभ्या जन्मात येरवड्याच्या पलीकडचं काही बघितलं नाही. आता विमानानं चाललीय, वीस घरी एकदम, डोक्यावर टोपी घालून आणि पोटाला घास घेऊन. आणि मी इथं, तिला पोचवायला, मोडक्या चेनच्या जाकिटात. माझं काही म्हणणं नाही. मला फक्त माझी गोधडी…

ती बघा, गाडी आली. तुमच्यापैकी कुणीतरी जरा हात लावा, मला एकट्याला उचलत नाही. सावकाश. तो बाण छापलाय ना खोक्यावर, तो वर राहू द्या. म्हातारं माणूस हाय आत.