खंडेनवमीचा नारळ

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय खुशालरावजी, व्यासपीठाची शोभा वाढवणारे संस्थेचे सचिव व प्रमुख पाहुणे कुलदीपरावजी, सत्कारमूर्ती आपले संगणक शिक्षक स्वप्निल सर, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती प्रणालीताई, सहकारी बंधुभगिनींनो आणि विद्यार्थी मित्रांनो!

सर अकोट सोडून अमरावतीला चालले. अशा वेळी गुणवर्णन करायचं असतं. पण मी इतिहास शिकवते. घडलेलं सांगण्याची खोड आहे, सांभाळून घ्या.

आपल्या शाळेत ऑर्विन कंपनीचे संगणक आले, तो दिवस आठवतो? कुलदीपरावजींनी खोक्यांना ओवाळलं होतं. रिकामी खोकीसुद्धा टाकू दिली नाहीत, ती आजही कपाटावर हार घालून ठेवलेली आहेत. प्रयोगशाळेत चपला काढून जायचं. ऑर्विनचं बोधचिन्ह, ती निळी ज्योत, पोरांच्या गाड्यांवर आली, मग गळ्यात आली. कंपनीकडून साहेबांना काही मिळत होतं का? छे! छदामही नाही. मिळत असतं तर ही भक्ती मला निदान समजली तरी असती.

यंत्र बंद पडलं की दोष माणसाचा. अकरावीतला पियुष एवढंच म्हणाला, "सर, हे लय हँग होऊन राहिलं." निळ्या ज्योतीवाल्या पोरांनी दार लावून त्याला माऊसच्या वायरीनं झोडपलं. पाठीवर वळ उठले. संस्थेनं काय केलं? पियुषकडून माफी लिहून घेतली. टाळ्या नकोत, पोरांनो, ही टाळ्यांची जागा नाही.

मग खंडेनवमी आली. या दिवशी आपल्याकडे विळा, कुऱ्हाड, शिलाई मशीन, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. चौरंगावर ऑर्विन मांडलेले. स्वप्निल सरांनी शेजारी आपला साधा, सुटे भाग जोडून केलेला संगणक आणून ठेवला. पियुष आणि त्याच्यासारखी पोरं त्याच्यावरच शिकत होती.

"उचल ते भंगार," कुलदीपराव म्हणाले.

"साहेब, आज इळ्यालेही कुंकू लागते. याले काहून नाही?"

सर चुकीचं बोलले का?

कुलदीपरावांनी लाथ मारली. संगणक खाली पडला, निळ्या ज्योतीवाल्या पोरांनी तो तुडवला. सर वेचायला वाकले तेव्हा त्यांच्या पाठीत खुर्ची बसली. दोघांनी दंड धरून त्यांना उभं केलं. आणि मग, अध्यक्ष महोदय, माझ्यापासून चार हातांवर, कुलदीपरावांनी पूजेचा नारळ उचलला आणि सरांच्या तोंडावर हाणला. दगडावर फोडतात तसा. एकदा, आणि पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळेला जो आवाज झाला, तो माझ्या कानातून जात नाही. कुंकू कोणतं आणि रक्त कोणतं, कळत नव्हतं.

नारळ फुटला नव्हता. सरांना गाडीत घालून अकोल्याला नेलं, आणि इकडे तोच नारळ धुऊन, फोडून प्रसाद वाटला. या सभागृहात तो खाल्लेले बरेच जण बसले आहेत. कसा लागला? माझ्या हातावर ठेवलेला तुकडा मी तिथंच फेकून दिला.

अकोल्याला सरांचा डावा डोळा काढावा लागला. चौकशी समितीनं लिहिलं, 'पाय घसरून पडले, टेबलाचा कोपरा लागला.' मी समितीपुढे सगळं सांगितलं, तर उत्तर मिळालं, "मॅडम, तुमाले तं चष्मा हाये." आहे ना. नीट दिसावं म्हणूनच लावते! बाकी एकानंही तोंड उघडलं नाही. मला त्या दिवशी तुम्हा सगळ्यांचा राग आला होता. तो अजून गेलेला नाही.

खुशालरावजी, घड्याळ पाहू नका, संपवतेच.

काल सर भेटायला आले. न्याय नाही मागितला, नोकरी नाही मागितली. म्हणाले, "मॅडम, गावातले लेकरं इचारतात, सर, तुमी कसे पडले? मी पडलो नव्हतो. जाण्याआधी कोनीतरी एकदा सगळ्याइसमोर सांगा." प्रणालीताई दाराशी उभ्या होत्या. पदर तोंडात धरून रडत होत्या.

कुलदीपरावजी, आता सत्कार तुमच्या हस्ते आहे. ताटात शाल आहे, श्रीफळ आहे. शाल द्या. नारळ तेवढा राहू द्या. तुमच्या हातून तो सरांना मिळालेला आहे.

आयोजकांनी मला बोलायची संधी दिली, त्यांचे आभार. पुढच्या वेळी देणार नाहीत, हेही जाणते. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर लेकीबाळीचं बोलणं समजून पदरात घ्या.

सर पडले नव्हते. एवढं सांगून मी खाली बसते.