अकरा जणींच्या कानांतले टॉप

मी, वय ४९ वर्षे, धंदा कान-नाक टोचणे, राहणार टपालघरामागच्या गल्लीत दुकानाच्या वरच्या खोलीत, आज सकाळी अकरा वाजता कोणी न बोलावता ठाण्यात समक्ष येऊन सांगते की,

सदर धंदा मी बावीस वर्षे करते. ताज्या छिद्रात मी फक्त शरीराला चालणाऱ्या टायटॅनियमचा गुळगुळीत टॉप घालते. सूज येणार म्हणून दांडी जरा लांब ठेवते, सूज उतरली की आखूड बदलून देते. नवे पाकीट आले की कापसाच्या काडीवर तपासणीच्या औषधाचे थेंब टाकून त्यातला एक टॉप घासते. काडी गुलाबी झाली तर धातूतून निकेल सुटते, माल परत. निकेलने कित्येकांचे कान चिघळतात. माझ्याकडच्या मालाने गेल्या महिन्यापर्यंत एकही कान चिघळला नव्हता. हे मी अभिमानाने सांगते आणि तसेच लिहावे.

गेल्या महिन्याच्या तीन तारखेस माझ्या धाकट्या भावाने, जो दागिन्यांचा घाऊक व्यापारी आहे, एक पाकीट आणून दिले. वर टायटॅनियम छापलेले होते. मी ते तपासले नाही. भावाचा माल होता.

परवा दुपारी शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आल्या. कान लाल, खाज, पाणी. मी टॉप काढून काडी घासली. ती गुलाबी झाली.

त्या पाकिटातले टॉप मी एकूण अकरा जणींना घातले होते, बाकीच्या दहा जणींना मी लगेच फोन केला. चूक माझी, या, असे सांगितले. दहाच्या दहा आल्या. अकराही जणींचे टॉप बदलले, तिघींना स्वतः डॉक्टरकडे नेले. शाळेच्या बाई म्हणाल्या, "दुसऱ्या कुणी तोंड लपवलं असतं. माझ्या लेकीचे कानही तुम्हीच टोचायचे." मला रडू आले, तेही लिहिले तरी चालेल.

भावाला हे कळवल्यावर काल तो दुकानात लोहचुंबक घेऊन आला. "ताई, बघ, चिकटतंय का? मग शुद्धच आहे की! उगाच राईचा पर्वत करतेस." निकेल मिसळलेले पोलादही चुंबकाला चिकटत नाही, हे मी त्याला समजावले. तो म्हणाला, "चाळीस दुकानांत माल गेलाय. आता गप्प बस, घरातली गोष्ट घरात राहू दे." सोनारानेच कान टोचावे लागतात, म्हणून मी इथे आले.

हवालदार साहेब म्हणाले, "बाई, सख्खा भाऊ आहे. अज्ञात व्यापारी लिहू का?" मी नको म्हणाले. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याला मीच वाढवले आहे. माल देणारा माझा धाकटा भाऊ असून त्याचे नाव व पत्ता वेगळ्या कागदावर दिला असून उरलेले टॉप जमा केले आहेत.

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटी 'सदर इसम' लिहिले होते, तिथे 'माझा धाकटा भाऊ' असे करून घेतले. आता बरोबर आहे.