मकबऱ्यापुढं बसून ऱ्हायलो

आमी मूळचे इथलेच, मानवतच्या आडबाजूचे, माझ्या आजाच्या बी आधीपासून हीच माती. घर लिंगायताचं. आंघोळ, मंग लिंगपूजा, मंग जेवण, त्याच्या आधी अन्नाचा कण तोंडात न्हाई, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत. मास्तरनं माझी चूक नसताना हातावर छडी मारली, मी पाटी तिथंच ठिवली आन् उठून घरी आलो, परत गेलोच न्हाई. बापानं मारलं, आईनं समजावलं, मास्तर सोता घरी आला, तरी न्हाई. आता कुणी म्हणंल नुकसान कुणाचं झालं, माझंच झालं, पर गेलो न्हाई ते न्हाई. मी असाच हाय, लिहून घ्या, तुमाला आधीच सांगून ठिवतो.

रान थोडं आन् भाऊ लय, म्हणून मी गवंड्याच्या हाताखाली गेलो. सेलूला जिनिंगच्या भिंती उठायल्या व्हत्या, तिथं घमेले उचलता उचलता थापी हातात आली. गिलाव्यात माझा हात असा बसला की काय सांगू तुमाला, मानवतच्या बाजारपेठंत आजबी जावा, जुन्या दुकानांच्या भिंतीवर हात फिरवा, कुठं तडा सापडला तर मला येऊन सांगा. लोक म्हणायचे वैजनाथअप्पाचा गिलावा म्हंजे आरसा. मला ते ऐकायला आवडायचं. अजून आवडतं.

बायको गिरजा. तिची एक रीत, मी जेवल्याबिगर ती जेवायची न्हाई. मी तिला कधी सांगितलं न्हाई, खरं सांगतो, पर मना बी केलं न्हाई. लगीन नवं असताना एकदा सेलूहून माझी यष्टी हुकली, मी रातभर तिथंच जिनिंगमदी पडलो, दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो तर ही तशीच उपाशी. माझ्या आईनं गल्लीभर सांगितलं, सून असावी तर अशी. आन् मी बी पारावर बसून चार माणसांत सांगायचो, माझी बायको माझ्याबिगर घास खात न्हाई. छाती फुगवून सांगायचो. त्या दिवशी तिच्या पोटात काय झालं आसंल हे मला कधी सुचलंच न्हाई बघा. औंदाच्या हिवाळ्यात सुचलं.

औंदा तिच्या पायाला जखम झाली. साखर तिला लय वर्षांची. साधं चप्पल चावलं म्हणून दुर्लक्ष केलं, तर पाय काळा पडायला लागला. परभणीला दाखवलं, डॉक्टर म्हणले पाय वाचवायचा आसंल तर औरंगाबादला न्या. आता संभाजीनगर म्हणतेत, माझ्या तोंडाला जुनंच येतं. पोरगा शिवकांत सोडायला आला, भरती केलं, आन् त्याची कापसाची येचणी चालू व्हती म्हणून मी म्हणलं तू जाय, मी हाय ना. मी हाय ना, असं म्हणलो मी. त्यानं दोनदा इचारलं, अप्पा, जमंल ना. मला रागच आला. म्हणलं तुझ्या आईला मी तू जन्मायच्या आधीपासून सांभाळायलोय.

जखम खरवडून साफ केली, पायाला पट्ट्या, हाताला सुई. गोळ्या बंद करून साखरंचं इंजेक्शन लावलं, सकाळी एक, सांजच्याला एक. सिस्टरनं मला बजावलं, बाबा, इंजेक्शन दिलं की लगेच जेवण पायजे, उशीर चालत न्हाई. मी मान हालवली. दुपारी जेवणं झाली की नातेवाइकाला वार्डातून बाहेर काढायचे, ते सांज होईपर्यंत. पहिल्या दिवशी मी पायऱ्यांवर बसलो, डास चावायले, मंग उठून चालायला लागलो. गाव अनोळखी, सगळे रस्ते गाड्यांनी भरलेले. एका चहावाल्याला इचारलं इकडं बघण्यासारखं काय, तो म्हणला सरळ जावा, मकबरा.

दरवाजातून आत गेलो आन् पाय थांबले. समोर पाण्याचा हौद, आन् त्याच्या मागं ते पांढरं. मी आयुष्यभर भिंतीच बघितल्या, पर अशी भिंत न्हाई बघितली. येवढं मोठं काम आन् कुठं जड वाटत न्हाई, जसं कुणी वरून अलगद ठिवलंय. चार कोपऱ्याला चार मिनार, मदी घुमट, उन्हं कलतील तसा रंग बदलायला. वर चढून जाळीच्या कठड्यातून खाली वाकून बघितलं तर कबर, वरून चादर घातलेली, लोकांनी पैसे टाकलेले. कुण्या शहाजाद्यानं आईसाठी बांधलं म्हणले. मला काही परकं वाटलं न्हाई. आमच्यात बी माणसाला मातीतच बसवतेत, माझा बाप आमच्याच बांधाला हाय. मी हात जोडले.

वार्डात आलो तर गिरजा म्हणली, कुठं व्हता. मी म्हणलं, बाहेर झाडाखाली पडलो व्हतो. आता बघा, खोटं बोलायची काय गरज व्हती? पर ती तशी पडलेली, पायाची आग आग व्हायलेली, आन् मी तिला कसं सांगू की मी फिरायला गेलतो, आन् मला लय बरं वाटलं. तोंडातून झाडच आलं. दुसऱ्या दिवशी बी गेलो. तिसऱ्या दिवशी बी. दुपारी वार्डातून बाहेर काढायची मी वाटच बघायलो, हे सांगायला मला आता लाज वाटती. तिला वाटायचं मी झाडाखाली ताटकळायलोय. म्हणायची, तुमचे हाल चाललेत माझ्यापायी. मी पाण्याचा तांब्या पुढं करायचो.

मंग तो दिवस. तिथं एक पहारेकरी व्हता, रोज बघून ओळख झालेली. मी त्याला म्हणलं, येवढा संगमरवर आणला कसा आसंल. तो म्हणला, बाबा, सगळा संगमरवर न्हाई, खालचा थोडा भाग आन् वरचा घुमट, बाकी दगडावर चुन्याचा गिलावा हाय. मी हसलो. म्हणलं, तुमाला कुणीतरी येड्यात काढलंय, मी आयुष्यभर गिलावा केलाय, गिलावा असा दिसत न्हाई आन् येवढी वर्षं टिकत न्हाई, हा दगडच हाय. तो म्हणला न्हाई, मी म्हणलं हायच. चार माणसं जमली. कुणी म्हणलं मोबाईलमदी बघू, मी म्हणलं मोबाईलनं कधी थापी धरली व्हती का. एका बाजूला बांबूची परांची बांधून डागडुजी चालली व्हती, तिथला एक कारागीर वरून आयकायलता. तो म्हणला, चाचा, काम सुटने दो, दिखाता मैं.

बाकीची माणसं आपापल्या वाटंनं गेली. उन्हं उतरायली. मला माहीत व्हतं की आता निघायला पायजे, वार्डात परत सोडायची येळ झालीय. पर चार माणसांत शब्द गेलता. मी हाललो न्हाई.

कारागीर खाली आला, मला मागल्या अंगाला घेऊन गेला, जिथं कोपरा फुटलेला व्हता. म्हणला हात लावो. आत काळा दगड, आपल्याकडं इहिरीला लागतो तसलाच. वर चुना. घोटून घोटून असा केलेला की बोट घसरतंय. मी नखानं कोरलं, नखात पांढरं आलं. काय सांगू तुमाला, मी परत परत हात फिरवून बघितला. तो हसला, पर वाईट न्हाई हसला. म्हणला, चाचा, बनानेवालेकू यहीच होना था, के तुमारे सरीका आदमी फसना.

इथपर्यंतचं मी पारावर सांगितलंय. गडी हसतेत, वैजनाथअप्पाला चुन्यानं फशिवलं म्हणतेत, मी बी हसतो. ह्याच्या पुढचं मी कुणाला सांगितलं न्हाई. इथून मी निघालो असतो तर येळंत पोचलो असतो. रिक्षा बाहेरच हुब्या व्हत्या. पर मी परत समोर आलो आन् हौदाच्या कडंला बसलो. मला त्याच्याकडं नव्यानं बघायचं व्हतं. आता मला कळलं व्हतं की हे माझ्याच जातीचं काम हाय, माझ्याच हाताचं, चुना आन् थापी, आन् मला वाटलं माझ्या सगळ्या भिंती, सेलूच्या, मानवतच्या, ह्याच्या पायाशी बी बसायच्या लायकीच्या न्हाईत. वाईट वाटलं, आन् त्याच्यापेक्षा जास्त बरं वाटलं, आता ह्याला काय म्हणावं. मंग दिवे लागले. खालून उजेड पडला आन् सगळं पिवळसर झालं, मलईसारखं. ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. मी बसलो. गिरजा ध्यानात नव्हती असं न्हाई. ध्यानात व्हती. मला आठवत व्हतं की तिकडं इंजेक्शनची येळ झाली, आन् मी मनाला म्हणलं, जरा येळ. जरा येळ, म्हणून बसून ऱ्हायलो.

पोचलो तर वार्डात तिच्या खाटंभवती माणसं. डॉक्टर, सिस्टर, आन् शेजारच्या खाटंवरच्या म्हातारीची सून, जिंतूरची मुसलमानाची बाई, तिला सगळे आपा म्हणायचे. गिरजाचं अंग घामानं ओलं, डोळे उघडे पर कुणाला ओळखायली न्हाई, सलाईन लावलेलं. मी नाव घेऊन हाक मारली तर माझ्याकडं बघितलं, जशी एखाद्या वाटसराकडं बघती.

झालं आसं. सिस्टरनं इंजेक्शन दिलं, ताट आलं. गिरजानं ताटावर ताट झाकून खाटंखाली सरकवलं. सिस्टरनं इचारलं, आजी, जेवलात का, तर ही म्हणली हो. मी जेवलो नव्हतो ना. माझा यायचा पत्ता नव्हता, मंग ती कशी जेवंल. हात थरथरायले तरी बोलली न्हाई. आपाच्या ध्यानात आलं, तिनं आरडाओरडा केला आन् तिच्या जिभंखाली साखर धरली. डॉक्टर मला म्हणले, इंजेक्शन घेऊन पोटात अन्न न्हाई, साखर पार खाली गेलती, अजून उशीर झाला असता तर बाबा, अवघड व्हतं.

थोड्या येळानं गिरजा सुद्धीवर आली. मला बघून पहिलं काय इचारलं म्हणता? जेवलात का. येवढंच.

आपानं मला खाटंजवळच गाठलं. बोलायला लय तिखट बाई. म्हणली, अप्पा, बायको तुमच्या नावाचा रोजा धरून बसली व्हती, तुमी कुठं इफ्तार करत बसले व्हते? सगळे माझ्याकडं बघायले. आन् मी म्हणलो, औषधाच्या लायनीत व्हतो, लय गर्दी व्हती. आपानं माझ्या रिकाम्या हाताकडं बघितलं आन् तिच्या सासूकडं निघून गेली.

पाय वाचला. देवाची कृपा, आन् त्या आपाची. घरी आलो. आता आयका खरी गोष्ट. ती लायन गिरजानं खरी धरली. शिवकांतला फोनवर सांगितलं, तुझे अप्पा माझ्या औषधासाठी उपाशीतापाशी लायनीत हुबे व्हते. सूनबाईला सांगितलं. पाय बघायला जे येतंय त्याला सांगती. आताबी आत तुमच्या बायकोला त्येच सांगायलीय, आयका तुमी, आवाज येतोय ना. माणूस असावं तर असं, म्हणती. जसं माझी आई तिच्याबद्दल म्हणायची, तसं. मला वाटतं उठून जावं आन् म्हणावं, बंद कर. पर मंग कारण सांगावं लागंल.

मागल्या महिन्यात सूनबाईनं दुकानातून कॅलेंडर आणलं, त्याच्यावर मकबरा. गिरजा भिताड धरून धरून गेली, जवळून बघितलं, लय येळ बघितलं. म्हणली, अगं बाई, काय पांढरं हाय. आपण त्याच गावात व्हतो की, आन् दिसलं बी न्हाई. मंग माझ्याकडं वळून म्हणली, तुमाला बी कुठं बघायला मिळालं, माझ्यापायी. मी ताटावर व्हतो. मोडलेला तुकडा परत ताटात ठिवला.

तिला मी लय सांगितलं की माझ्या आधी जेवत जाय. सिस्टरनं सांगितलं, डॉक्टरनं दम दिला, सूनबाई रडली. न्हाई म्हणजे न्हाई. मी जिद्दी, पर ती माझी बी वस्ताद. म्हणून मंग मीच बदललो, दुसरा इलाज न्हाई. अंधारात उठतो, आंघोळ करतो, पूजा करतो, तिचं इंजेक्शन झालं की भूक असो नसो, पयला घास मी घेतो. सांजच्याला तसंच. रानात जात न्हाई, लग्नाला जात न्हाई, परगावी मुक्कामाला तर न्हाईच. गडी पारावर हसतेत, अप्पा म्हातारपणी बायकोला भ्यायला लागले. भ्यायलो, खरंच भ्यायलो. हसू द्या.

तपासायला परत बोलावलंय. शिवकांत गाडी करणार हाय. तिला मकबऱ्यापुढं न्यायचं मी ठरवलंय, हौदाच्या कडंला बसवायचं, दिवे लागेपर्यंत. जेवण संगं घेऊन, तिथंच आधी मी खाईन. तो पहारेकरी मला ओळखंल, म्हणंल या बाबा, लय दिसानं, आन् तिथंच तिला कळंल. कळू द्या. आपल्या तोंडानं सांगायची माझी हिंमत न्हाई. तुमी हे लिहायलाव, तिला वाचता येत न्हाई, म्हणून तर तुमच्याजवळ येवढं बोललो. ही बी माझी लबाडीच झाली, हे मला कळतंय.

बरं, झालं बघा तिचं इंजेक्शन. ताट वाढलंय. मला भूक न्हाई, दुपारचंच पोटात हाय, पर बसतो. तुमी बी हात धुऊन घ्या, तुमच्या मंडळीला बी बोलवा. आन् एक सांगतो, म्हाताऱ्याचं आयका, घरी रोज आधी तिला इचारत जावा, तू जेवलीस का. देव तुमचं भलं करो.